शर्ट खांद्याला बसला की पोटाला अडतो: ठाणेकराने नीट बसणारा शर्ट कसा मिळवावा

सकाळी ठाणे स्टेशनच्या कुठल्याही प्लॅटफॉर्मवर उभं राहून फक्त शर्ट बघा. खांद्याची शिवण दंडावर लोंबतेय, बाही मनगटाच्या खाली येऊन अंगठा झाकतेय, पाठीत एवढा फुगा की दुसरा माणूस मावेल, आणि एवढं सगळं ढगळ असून पोटावरचं बटण मात्र ताणलेलंच. पैसे कमी टाकलेले नसतात हो, ब्रँडचाच असतो शर्ट, पण बसत नाही तो नाही. गंमत बघा, रेमंडची मिल याच ठाण्यात 1925 साली सुरू झाली, भिवंडीचे पॉवरलूम इथून हाकेच्या अंतरावर, म्हणजे कापडाच्या जिल्ह्यात राहतो आपण, आणि अंगाला बसेल असा शर्ट शोधायला अख्खा राम मारुती रोड पालथा घालतो.

माझं मत सरळ आहे. रेडीमेडमध्ये "माझ्या साईजचा" शर्ट शोधणं सोडून द्या, तो नाहीये. खांद्याला बसणारा शर्ट शोधा, बाकीचं ऑल्टरवाल्याकडून करून घ्या. आणि पोट आणि खांदा यांचं अजिबातच जमत नसेल तर सरळ शिवून घ्या. आता हे कसं करायचं ते सांगतो, जरा लांबेल.

आधी हे होतं का ते समजून घ्या म्हणजे स्वतःच्या शरीराला शिव्या घालायचं बंद होईल. कंपनी एका मापाचा शर्ट बनवते आणि मग त्याच्यावरून वरच्या-खालच्या साईज काढते. साईज वाढला की नुसती छाती वाढत नाही, खांदा, बाही, कॉलर, उंची सगळंच थोडं थोडं वाढतं. म्हणजे कंपनीच्या हिशोबात पोट सुटलेला माणूस उंचही झालेला असतो आणि त्याचे हातही लांब झालेले असतात! आपल्यातल्या साडेपाच फुटी, बेताच्या खांद्याच्या, चाळिशीतल्या माणसाला पोटासाठी एक्सएल घ्यावा लागतो आणि त्याच्याबरोबर सहा फुटी माणसाची बाही फुकट मिळते. उलट बारीक आणि उंच पोरांचं, त्यांना बाहीसाठी मोठा घ्यावा लागतो आणि मग अंगात वारा भरतो. भारतीय लोकांची खरी मापं काय आहेत हे बघायला निफ्टने, म्हणजे फॅशन शिकवणाऱ्या सरकारी संस्थेने, इंडियासाईज नावाचा प्रोजेक्ट घेतला, सहा शहरांत 25,000 लोकांचं स्कॅनरने माप घ्यायचं, मुंबईही त्यात आहे. त्याचा फायदा दुकानातल्या रॅकपर्यंत येईल तेव्हा येईल, तोवर टेप आपल्यालाच हातात घ्यायचाय.

नंबरचा घोळ आधी मिटवू. फॉर्मल शर्टवर 39, 40, 42, 44 लिहिलेलं असतं ना, ती बहुतेक ब्रँडमध्ये कॉलर असते, सेंटीमीटरमध्ये. 40 म्हणजे कॉलर पावणेसोळा इंच, 42 म्हणजे साडेसोळा. छातीशी त्याचा थेट संबंध नाही. पण कॅज्युअलवर 40 किंवा 42 असेल तर ते बहुतेक वेळा छातीचे इंच असतात. त्यामुळे "मी 40 घालतो" हे वाक्य अर्धवट आहे, कुठला 40? लेबलवर किंवा खोक्यावर बारीक अक्षरात छाती सेंमीमध्ये छापलेली असते बरेचदा, ती वाचा. आणि एकाच ब्रँडचा स्लिम आणि रेग्युलर, दोन्ही 40, दोन वेगळ्या माणसांचे असतात.

आता माप. स्वतःच्या अंगाचं घेऊ नका, श्वास रोखून पोट आत घेतलं जातंच, कोणी कबूल करत नाही एवढंच. कपाटातला जो एक शर्ट बरा बसतो (असतो, प्रत्येकाकडे एक असतो, बहुतेक कोणीतरी लग्नात आहेर दिलेला) तो काढा, बटणं लावून पलंगावर नाही, टेबलावर किंवा फरशीवर सपाट पसरा, हाताने सुरकुत्या काढा. पाठीकडून खांदा, या शिवणीपासून त्या शिवणीपर्यंत. काखेच्या एक इंच खाली छाती, या कडेपासून त्या कडेपर्यंत, आणि ते दुप्पट. तसंच पोटाला, जिथे पोट सगळ्यात पुढे असतं त्या बटणाजवळ. बाही खांद्याच्या शिवणीपासून कफच्या टोकापर्यंत. उंची मागे कॉलरच्या खालून शेवटपर्यंत. कॉलर उघडी पसरून बटणाच्या मध्यापासून काजाच्या लांबच्या टोकापर्यंत. हे सहा आकडे मोबाईलमध्ये लिहून ठेवा आणि एक छोटा टेप ऑफिसच्या बॅगेत टाकून द्या, दुकानात टेप काढला तर सेल्समन बघतो विचित्र, बघू दे.

ट्रायल रूममध्ये लोक आरशासमोर ताठ उभे राहतात आणि ठरवतात. आपण दिवसभर तसे उभे असतो का? पहिलं, खांदा. शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकाशी यायला हवी, अर्धा इंच इकडे-तिकडे चालेल, दंडावर उतरली असेल तर तिथेच शर्ट काढून ठेवा, बाकी काही बघूच नका. दुसरं, कॉलरचं बटण लावून एक-दोन बोटं सहज जायला हवीत, ठाण्याच्या मे महिन्यात घट्ट कॉलर म्हणजे शिक्षा आहे.

तिसरी टेस्ट लोकलच्या हँडलची. शर्ट पँटमध्ये खोचा आणि उजवा हात वर करा, जसा डब्यात हँडल पकडतो तसा. एक इंचभर वर आला तर ठीक, पण सगळा शर्ट पँटमधून बाहेर येऊन बनियन दिसायला लागला तर मुंढा खाली आहे. मुंढा म्हणजे बाही जिथे अंगाला जोडतात तो गोल. लोकांना वाटतं मुंढा मोठा म्हणजे आराम, उलटं आहे, मुंढा काखेच्या जवळ असेल तर हात वर केला तरी नुसती बाही हलते, आणि खाली लोंबत असेल तर हाताबरोबर अख्खा शर्ट वर ओढला जातो. ढगळ शर्टमध्ये अवघडल्यासारखं होतं त्याचं कारण नव्वद टक्के वेळा हेच. आणि हे नंतर दुरुस्त होत नाही, त्यामुळे इथे तडजोड नको.

चौथं, बसा. ट्रायल रूममध्ये स्टूल असेल तर त्यावर, नसेल तर बाहेर नवऱ्यांसाठी ठेवलेल्या सोफ्यावर जाऊन. बसल्यावर पोटावरच्या बटणापासून दोन्हीकडे फुलीसारख्या सुरकुत्या पडत असतील किंवा दोन बटणांच्या मध्ये फट पडत असेल तर पोटाला कमी आहे. तिथे उगाच "वजन कमी करणारच आहे" म्हणून घेऊ नका.

बाय द वे, शोकेसमधल्या पुतळ्यावर शर्ट एवढा मस्त का बसतो माहितीये? मागे जाऊन बघा, पाठीत पिना आणि क्लिपा लावलेल्या असतात.

तर मग काय घ्यायचं? खांदा, कॉलर आणि मुंढा बसतोय, पोटालाही पुरतोय, पण बाजूने ढगळ आहे, बाही लांब आहे, उंची जास्त आहे, असा शर्ट बिनधास्त घ्या. कमी करता येतं सगळं, वाढवता काही येत नाही, आत मार्जिनच नसते रेडीमेडमध्ये. घरी आणून ज्या पँटवर घालणार त्या पँटवर घालून बघा, टॅग काढू नका. पक्कं झालं की आधी एकदा धुवा. कॉटन असेल तर हमखास आटतं, लिननही, आणि ऑल्टर करून मग धुतलं तर मनगटावर आलेली बाही मनगटाच्या वर जाऊन बसते.

ऑल्टरवाला शोधणं ही खरी कामगिरी आहे. मॉलमधल्या दुकानात फुकट करून देतात ते बहुतेक पँटची उंची वगैरे, शर्टला तिथे नका देऊ. गोखले रोड, नौपाड्याच्या गल्ल्या, गावदेवी मार्केटच्या आसपास, वर्तकनगर, कुठेही जिन्याखाली नाहीतर अर्ध्या शटरच्या गाळ्यात एक मशीन टाकून बसलेले मास्तर असतात, त्यातला चांगला कोण हे ओळखायची माझी एकच पद्धत आहे: शर्ट अंगावर घालायला सांगतो का. न घालताच "किती कमी करू, दोन इंच?" विचारणाऱ्याकडून शर्ट परत घ्या. चांगला मास्तर तुम्हाला उभं करतो, मागे जातो, दोन्ही बाजूंचं कापड चिमटीत धरतो, पिना लावतो, मग म्हणतो हात पुढे घ्या, आणि एक पिन परत काढून थोडं सैल करतो. तुमचा एक खांदा खाली आहे हेही तोच सांगतो, वर्षानुवर्षं लॅपटॉपची बॅग एकाच खांद्यावर अडकवून झालेलं असतं ते.

त्याला काय सांगायचं. बाजूने घ्यायचं असेल तर दोन्हीकडचं मिळून दोन-तीन इंचापर्यंत, आणि काखेपासून सरळ रेषेत नाही, कमरेशी जास्त, खाली परत सोडत. त्याहून जास्त घेतलं की खिसा बाजूला सरकल्यासारखा दिसतो आणि मुंढा ओढतो. पाठीत पोकळ राहत असेल तर मागे दोन टक, म्हणजे कापड आत आवळणाऱ्या उभ्या शिवलेल्या चुण्या, मारून घ्या, पोट असलेल्यांसाठी हे बेस्ट, कारण पुढचं कापड जसंच्या तसं राहतं आणि मागचा फुगा जातो. बाही कमी करायची तर कफ उसवून, कापून, कफ परत लावायचा, नुसती आत दुमडून टीप मारून देतात काही जण, ते चालवून घेऊ नका. एक-दीड इंचापर्यंत अशी छान होते. कफ मनगटाच्या हाडाशी थांबला पाहिजे, आणि घड्याळाच्या हाताचा कफ किंचित सैल ठेवायला सांगा. उंची कमी करताना खालची गोलाई तशीच ठेवायला सांगा. बाहेर सोडून घालायचा असेल तर पँटच्या चेनच्या मध्यापर्यंत पुरे, खोचायचा असेल तर लांबच राहू दे. दोरा कापडाच्या रंगाचा, आणि आतून शक्य असेल तर दुमडून डबल टीप, नुसतं ओव्हरलॉक (कापडाच्या कडेवरची दोऱ्यांची जाळी) नको. शंभर-दोनशे रुपये जास्त घेतले तरी द्या, हजाराच्या पुढचा शर्ट नुसता कपाटात लटकून राहण्यापेक्षा बरं.

खांदा कमी करून देतो म्हणणारे भेटतील. बाही पूर्ण काढून, कापून, परत बसवायची असते, पैसे बरेच लागतात आणि निम्म्या वेळा बाही पिळल्यासारखी बसते. नका करू.

आता ज्यांना हे सगळं करूनही जमत नाही, म्हणजे छाती-पोटात फरकच नाही किंवा हात फार लांब, त्यांनी शिवा. शर्टपीस घ्यायला जांभळी नाक्यापासून गोखले रोडपर्यंत दुकानंच दुकानं आहेत. 58 इंच पन्हा (कापडाची रुंदी) असेल तर फुल बाहीला साधारण 1.60 मीटर पुरतं, 36 इंच पन्हा असेल तर सव्वादोन मीटरच्या आसपास, पोट किंवा उंची जास्त असेल तर टेलरला आधी विचारून मग कापड फाडायला सांगा. कॉटनचं कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री मारून मगच द्या. पहिला शर्ट स्वस्त कापडाचा शिवा, महागडं लिनन पहिल्याच फटक्यात कोणाच्या कात्रीखाली देऊ नका.

माप द्यायला जाताना तो बरा बसणारा शर्ट घेऊन जा पण "सेम असाच" म्हणू नका, त्यात जे खटकतं ते सांगा, बाही अर्धा इंच कमी, पोटाला इंचभर जास्त. मास्तर विचारणार, लूज किती ठेवू? अंगाच्या मापावर छातीला एकूण चार-पाच इंच सांगा, पोटाला चार, तेही बसून माप घ्यायला लावून. फिटिंग म्हणजे अंगाला चिकटलेलं असं समजणारे तरुण मास्तर असतात आणि फिटिंग म्हणजे पोतं समजणारे जुने, दोघांनाही आकड्यातच सांगावं लागतं. पाठीत मधली एकच प्लीट (चुणी) नको, दोन्ही खांद्यांखाली छोट्या दोन घ्या, फुगा येत नाही. कॉलरमध्ये बकरम, म्हणजे ती ताठ ठेवणारा आतला थर, फार कडक नको. पहिला शर्ट आठवडाभर घाला, लोकलमध्ये, जेवताना, रिक्षात, मग जाऊन बदल सांगा आणि दुसरा टाका. तो जमला की मास्तरच्या वहीतल्या तुमच्या मापाच्या पानाचा फोटो काढून ठेवा, वह्या हरवतात, मास्तर गावाला जातात ते परत येत नाहीत, गाळे रिडेव्हलपमेंटला जातात, ठाण्यात तर रोजच.

ऑनलाईन घेणाऱ्यांसाठी एवढंच, चार्टमध्ये दोन प्रकार असतात, अंगाचं माप आणि कपड्याचं माप, आपल्याला कपड्याचं हवंय, ते दिलेलं नसेल तर सोडून द्या. दिलं असेल तर फोनमधल्या सहा आकड्यांशी जुळवा, खांदा आधी.

आणि गणपती-दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात मास्तरकडे काहीही घेऊन जाऊ नका, ब्लाउजांच्या ढिगामागून तो फक्त मान हलवतो आणि "होऊन जाईल" म्हणतो. तेव्हा होत नाही. जून-जुलैत जा, धो धो पाऊस असतो, गिऱ्हाईक नसतं, निवांत पिना लावतो.