क्लच स्लिप होतोय? गिअरबॉक्स उतरवायच्या आधी एवढं बघा

पसरणी घाटाच्या पायथ्याला, वाईत माझं गॅरेज आहे. शनिवार-रविवारी दुपारनंतर एक तरी गाडी येतेच आणि माणूस दार उघडता उघडता सांगतो, "काहीतरी जळल्याचा वास येतोय हो." मी पहिलं विचारतो, वर जाताना आला की खाली येताना? उतरताना आला असेल तर बहुधा ब्रेक तापलेत. चारी चाकांपाशी नाक नेलं की कुठलं चाक ते कळतं. चढताना आला, पुढच्या बाजूनं, पुठ्ठा जळावा तसा, तर तो क्लचचा. वाई ते पाचगणी १२-१३ किलोमीटर, चढ साधारण ६०० मीटरचा, आणि सुटीच्या दिवशी वळणावळणाला रांग. अशा रांगेत धडधाकट क्लचही एखाद्या वेळी वास देतो. गाडी गार झाल्यावर पहिल्यासारखी ओढत असेल तर घाबरायचं काम नाही. पुन्हा पुन्हा वास यायला लागला, किंवा इंजिन ओरडतंय आणि गाडी पुढं सरकत नाही असं झालं, की मग बघायला घ्या.

जपून चालवलेल्या गाडीचा क्लच लाख किलोमीटरही जातो, गर्दीतल्या गाडीचा त्याच्या निम्म्यात संपू शकतो. पण वीस-पंचवीस हजारांतच गेला तर त्यामागं काहीतरी कारण असतं. "प्लेट संपली", म्हणजे क्लचमधली घर्षणाची चकती झिजली, हे कारण नव्हे. प्लेट का संपली ते शोधल्याशिवाय नवा सेट टाकला, तर तोही त्याच वाटेनं जाणार.

एका शिक्षकांची डिझेल हॅचबॅक माझ्याकडं आली ती अशीच. दुसऱ्या एका गॅरेजात क्लच सेट टाकून ९ हजार किलोमीटर झाले होते, आणि पुन्हा स्लिप, म्हणजे क्लच नीट न धरता घसरत होता. सरांना सांगितलं गेलं होतं की तुम्हाला गाडी चालवता येत नाही. माणूस वीस वर्षं गाडी चालवतोय, घाटातल्याच गावचा. मला ते पटलं नाही.

आधी स्लिप आहे की नाही हेच पक्कं करायचं. त्याला हत्यार लागत नाही, मीटर पुरतो. वाई-सुरूरसारख्या सपाट रस्त्यावर चौथा गिअर टाका, २,००० आरपीएमला वेग किती ते सोबतच्याला लिहून घ्यायला सांगा. समजा ५० आला, तर ३,०००ला तो ७५च आला पाहिजे. क्लच पूर्ण सोडला की इंजिन आणि चाकं एकमेकांना बांधलेली असतात. चढ असो, गाडीत पाच माणसं असोत, हा हिशेब बदलत नाही. आता मोकळा, बेताचा चढ बघून, इंजिन चांगलं गरम असताना, त्याच चौथ्या गिअरला २,०००वरून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा उडी मारून ३,०००ला गेला आणि वेग ५५वरच राहिला, तर क्लच स्लिप मारतोय. दोन्ही काटे एकमेकांना धरून, पण हळूहळू चढत असतील तर क्लचला हात लावू नका. तिथं दोष डिझेल फिल्टर, टर्बोचा फाटलेला पाइप, नाहीतर धरून राहिलेला ब्रेक यांपैकी कशाचा तरी असतो. पिकअप नाही म्हणून क्लच बदलून घेतलेली आणि नंतर ५०० रुपयांच्या पाइपावर ठीक झालेली गाडी मी बघितली आहे. लोकांचे पैसे असे जातात तेव्हा मला फार वाईट वाटतं.

गिअर पडत नाही, पडताना करकरतो, ही तक्रार वेगळी. तिथं क्लच सुटत नसतो. स्लिपमध्ये तो नीट धरत नसतो. गॅरेजात सांगताना हा फरक नेमका सांगा.

हँडब्रेक ओढून, तिसरा गिअर टाकून क्लच सोडायचा आणि इंजिन बंद पडतं का बघायचं, ही चाचणी बरेच जण करतात. बंद पडलं म्हणजे क्लच चांगलाच आहे असं मात्र नाही. पार संपलेला क्लच तेवढा तिच्यात सापडतो. करायचीच तर पुढं मोकळी जागा ठेवून एकदाच करा.

स्लिप पक्की झाली की पायापासून सुरुवात. वायरच्या क्लचला पेडल बोटानं दाबून बघा. सुरुवातीचं थोडं अंतर सैल जायला हवं, बहुतेक गाड्यांत १० ते २० मिलिमीटर. यालाच प्ले म्हणतात. तुमच्या गाडीचा आकडा पुस्तिकेत बघा, कारण काही वायरी आपोआप अ‍ॅडजस्ट होतात. प्ले अजिबात नसेल तर वायर ताणलेली आहे, म्हणजे तुमचा पाय नसतानाही क्लच किंचित दाबलेलाच राहतो. वायर कुठं अडकतेय का, सायलेन्सरच्या उष्णतेनं तिचं आवरण वितळलंय का, तेही बघा.

हायड्रॉलिक, म्हणजे वायरीऐवजी तेलाच्या दाबावर चालणारा क्लच असेल तर एक सोपी युक्ती आहे आणि ती फार कमी ठिकाणी करतात. स्लिप मारणारी गाडी उभी करून स्लेव्ह सिलिंडरचा (गिअरबॉक्सपाशी क्लच दाबणारा सिलिंडर) ब्लीडिंग निपल, म्हणजे तेल-हवा काढायचा छोटा स्क्रू, क्षणभर सैल करा. दाबानं तेल उडालं आणि निपल आवळल्यावर क्लच धरायला लागला, तर प्लेट निर्दोष आहे. पेडलपाशी असलेला मास्टर सिलिंडर दाब सोडत नाही, म्हणजे तेल परत जायचं बारीक छिद्र बुजलंय किंवा कुणीतरी भलतंच तेल ओतल्यानं रबरं फुगलीत.

सरांच्या गाडीत इथवर सगळं ठीक निघालं. मग गाडी लिफ्टवर घेतली. इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात तिथं, बेल हाउसिंगच्या तळाला एक फट असते. बॅटरी मारली तर तिथं एक थेंब लटकत होता. बोटावर घेऊन चोळला, काळा आणि पातळ. गिअर ऑइल असतं तर गंधकासारखा उग्र वास आला असता आणि संशय गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लचकडून येणाऱ्या दांड्याच्या) सीलवर, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्यावर गेला असता. हे इंजिन ऑइल होतं, म्हणजे दोष क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मागच्या सीलचा.

गिअरबॉक्स उतरवला तेव्हा मी सरांना शेजारी उभं केलं. तुम्हीही उभे राहा आणि प्लेट हातात मागून घ्या, कारण ती सगळं सांगते. दोन्ही बाजू सारख्या झिजून रिव्हेटला आल्या असतील तर कारण किलोमीटर किंवा सवय. काळी, काचेसारखी चकचकीत असेल आणि फ्लायव्हीलवर (प्लेट जिला धरते ती इंजिनाची जड चकती) निळे डाग असतील, तर चढावर हाफ क्लचवर गाडी तोलून धरली आहे. प्रेशर प्लेटच्या मधल्या पात्यांची टोकं खोल झिजली असतील, तर पाय कायम पेडलवर होता किंवा प्ले नव्हता. सरांच्या प्लेटचं अस्तर अजून जाड होतं, पण तेलानं भिजून तपकिरी झालेलं. सीलची रबरी कड इतकी कडक झाली होती की नखानं तुकडा निघाला. गिअरबॉक्स एकदा उतरवलेला असताना ते सील बदललं गेलं नव्हतं. कुणाची कसूर ते बोलून आता उपयोग नाही, पण क्लच सेट टाकताना सीलं आणि पेडल दाबल्यावर ती पाती ढकलणारं रिलीज बेअरिंगही नवीन घ्या, फ्लायव्हील तपासायला लावा. गिअरबॉक्स उतरवायची मजुरी दोनदा भरावी लागण्यापुढं सीलची किंमत काहीच नाही. तेल पडलेली प्लेट पेट्रोलनं धुऊन परत बसवतो म्हणणाऱ्याला नकार द्या. अस्तरात मुरलेलं तेल निघत नाही.

नवा क्लच बसवल्यावर पहिले काही शे किलोमीटर जोरात उचलू नका, जड ओझं ओढू नका. घाटात रांग थांबली की हँडब्रेक लावा, न्यूट्रल करा, क्लचवरचा पाय खाली घ्या. पुढची गाडी दोन गाड्यांइतकी सरकली की मगच निघा. मागचे हॉर्न मारतात, मारू द्या.

हजार किलोमीटरनं सरांना गाडी घेऊन बोलावलं होतं. लिफ्टवर घेऊन त्या फटीत बोट फिरवलं. कोरडं होतं.