‘निष्काळजीपणा’ लिहिण्याआधी: खानदेशातल्या नव्या सुरक्षा अधिकाऱ्यांसाठी

अपघाताच्या कितीतरी अहवालांत कारणाच्या रकान्यात एकच शब्द दिसतो, निष्काळजीपणा. उपायाच्या रकान्यात ‘कामगारास समज दिली’. एवढं लिहिलं की फाइल मिटते, यंत्र मात्र होतं तसंच राहतं आणि पुढे कधीतरी दुसऱ्या पाळीतल्या कुणाचा हात त्याच जागी जातो. या कामात नवे असाल तर हा शब्द वापरायचाच नाही असं ठरवून टाका. शोधायचं असतं ते हे, की रोज नीट काम करणाऱ्या माणसाला त्या क्षणी तेच करणं बरोबर का वाटलं.

जळगावच्या एमआयडीसीतलं ओळखीचं यंत्र घेऊ. पाइप आणि ठिबकच्या नळ्या बनतात तिथे वाया गेलेलं प्लास्टिक दळायला ग्राइंडर असतोच. समजा, त्यात प्लास्टिकचा लोंदा अडकला. ऑपरेटरने बटण बंद केलं, झाकण उघडून हात घातला आणि बोटं गेली. ‘मशीन बंद होतं साहेब’ असं तो सांगतो. ते खरंच असतं. पाती बसवलेल्या रोटरला फ्लायव्हील म्हणजे जड चाक असतं, त्यामुळे वीज तुटल्यावरही पाती फिरत राहतात, पण मोटरचा आवाज आधीच उतरलेला असतो. म्हणून पहिलं मोजमाप हे: बटण बंद केल्यापासून पाती पूर्ण थांबेपर्यंत किती सेकंद लागतात, तीनदा मोजा. समजा ३५ सेकंद आले आणि झाकण ५ सेकंदांत उघडतं. मग अपघाताचं अर्धं उत्तर मधल्या ३० सेकंदांत आहे.

पुढे लिमिट स्विच बघा, म्हणजे झाकण उघडलं की यंत्राची वीज तोडणारा छोटा स्विच. तो टेप लावून दाबून ठेवलेला सापडला की नवा माणूस खूश होतो, कारण मिळालं म्हणून. इथेच फसगत होते. साधा लिमिट स्विच फक्त वीज तोडतो, पाती थांबवत नाही. तो धडधाकट असता तरी हा हात वाचला नसता. पाती थांबल्यावरच सुटणारं झाकणाचं लॉक हवं. आणि टेप लावायची वेळ का आली? बहुधा झाकण हादऱ्याने हलून यंत्र सारखं बंद पडत असतं. लोंदा का अडकला? एक्स्ट्रूडर, म्हणजे प्लास्टिक वितळवून नळी काढणारं यंत्र, सुरू करताना पडलेला गोळा ग्राइंडरच्या हॉपरच्या, माल टाकायच्या तोंडापेक्षा मोठा होता. तो गरम असतानाच लहान तुकडे करून का टाकला नाही? रात्रपाळीला त्या कामाला माणूसच नव्हता. इथवर आलात की चौकशी खऱ्या जागी पोचली. हातमोजे देणं हा इथे उपाय नाहीच. फिरत्या पात्याजवळ हातमोजा अडकून हात आत ओढला जातो.

पहिल्या तासात जखमीला दवाखान्यात पाठवा, वीज तोडून मेन स्विचला कुलूप लावा आणि मग जागेला दोरी बांधा. झाडलोट होण्याआधी फोटो काढा: चारही बाजूंनी, लांबून एक, जवळून एक, मापाची पट्टी ठेवून. मेन स्विच कुठे होता, इमर्जन्सी बटण हाताला येत होतं का, गार्डचे, म्हणजे फिरत्या भागावरच्या संरक्षक आवरणाचे बोल्ट किती होते, उजेड कसा होता, पाळीचा कितवा तास होता, हे तिथेच उभं राहून लिहा. संध्याकाळी आठवणीतून लिहिलेलं चुकतं.

जबाब एकेकट्याचा घ्या, सुपरवायझर जवळ नसताना. ‘असं का केलं?’ असं विचारलं की माणूस बचावात जातो. ‘नाना, हात घालण्याआधी तुम्हाला काय दिसलं? रोज लोंदा कसा काढता?’ असं विचारा. बोलणारा अहिराणीत किंवा लेवा बोलीत सांगत असेल तर तसंच सांगू द्या. शिरपूर-चोपड्याकडे पावरी ही आदिवासी बोली बोलणारे कामगार असतात, त्यांच्यासाठी त्यांच्यातलाच कुणी विश्वासाचा माणूस सोबत घ्या. ‘कसं व्हयनं?’ या साध्या प्रश्नाला जे उत्तर मिळतं, ते छापील फॉर्मला मिळत नाही.

जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, आगीची चौकशी वेगळी असते. सरकीच्या कापसातून खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला, पंख्याच्या पात्यावर आपटला, ठिणगी उडाली आणि रुईसोबत पुढे गेली. आग दिसली तिथे ती बऱ्याचदा लागलेलीच नसते. म्हणून डक्टच्या, म्हणजे हवेने कापूस नेणाऱ्या नळाच्या, वाटेने उलटं चालत जा. सक्शन लाइनवरचं चुंबक कधी साफ झालं ते बघा, बेअरिंगवर रुई गुंडाळून ते तापलं होतं का ते बघा. विझल्यावर ‘झालं’ म्हणू नका. १७० किलोच्या दाबलेल्या गाठीत धग आत धुमसत राहते, पाणी वरच्या थरातच मुरतं. संशयित गाठी शेडबाहेर उघड्यावर वेगळ्या ठेवा आणि दिवसरात्र पहारा ठेवा.

टाकी किंवा सांडपाण्याच्या खड्ड्यात घाईने उतरणाऱ्याला वाचवायला गेलेला दुसरा माणूसही दगावतो, हे या क्षेत्राचं सगळ्यात जुनं दुःख आहे. उतरण्याआधी वर, मध्ये आणि तळाशी गॅस मोजा. ऑक्सिजन १९.५ टक्क्यांखाली असेल तर कुणी उतरायचं नाही. आतला हातदिवा २४ व्होल्टपेक्षा जास्त नको. हायड्रोजन सल्फाइडचा वास थोड्या वेळाने येईनासा होतो, म्हणून नाकावर भरवसा ठेवू नका. वर एक माणूस दोर धरून उभा राहील, त्याने काहीही झालं तरी आत जायचं नाही.

खानदेशचा उन्हाळा अहवालात यायलाच हवा. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून जास्त. चष्मा घामाने भरतो, गळ्यातला ओला रुमाल शाफ्टजवळ लोंबतो. त्या दिवशीचं शेडमधलं तापमान आणि प्यायचं पाणी किती पावलांवर होतं, हे दोन्ही नोंदवा.

शिक्षणाचं थोडक्यात: विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी-पदविका, उत्पादन विभागातला अनुभव आणि मग औद्योगिक सुरक्षेची एक वर्षाची प्रगत पदविका. १९४८ च्या कारखाने अधिनियमातली कलमं २१, २२ आणि ३६ नीट वाचा. यंत्रांचे गार्ड, चालू यंत्राजवळचं काम आणि घातक वायू असलेल्या जागा यांमागचा विचार तिथे आहे. पुढे त्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची परिस्थिती यांची २०२० ची संहिता आली, तीही वाचा. सरळ सुरक्षा विभागात शिरण्यापेक्षा आधी दोन वर्षं मेंटेनन्समध्ये काढलीत तर जास्त उपयोग होईल. कुलूप कुठे लावायचं हे त्यालाच कळतं ज्याने ते पॅनल उघडलेलं असतं.

कुलूप लावल्यावर सुरू करायचं बटण दाबून बघायचं विसरू नका. कधीकधी एका यंत्राला दोन ठिकाणांहून वीज येत असते, आणि ते असंच कळतं.

शेवटचं काम अहवाल सही होऊन गेल्यावर सुरू होतं. एका महिन्याने रात्रपाळीला, पहाटे तीनच्या सुमाराला, न सांगता त्या ग्राइंडरपाशी जा. नवं लॉक जागेवर आहे का, लोंदे तुकडे करून येतात का, ते बघा. लॉकवर पुन्हा टेप दिसली तर कुणावर ओरडू नका. झाकण अजून हादरतं आहे, एवढं समजा आणि पाना मागवा.