कच्च्या विटांना हिरडा-गुळाचे पाणी: या चुका टाळा

कच्च्या विटांनी ओल कमी धरावी म्हणून हिरडा-गुळाचे पाणी वापरणारे आता पुष्कळ झाले आहेत, आणि त्याच त्या चुकांमुळे वाया गेलेल्या विटांच्या थप्प्याही पुष्कळ दिसू लागल्या आहेत.

यांतली सर्वांत महागडी चूक म्हणजे सिमेंट मिसळलेल्या मातीत गूळ घालणे. गुळातील साखरेमुळे चुना पाण्यात अधिक विरघळतो, म्हणून चुन्याच्या कामात गूळ उपयोगी पडतो. सिमेंटचे घट्ट होणे मात्र तीच साखर रोखून धरते, आणि त्यासाठी ती अगदी थोडी असली तरी पुरते. कोकणातल्या एका शेतघराच्या कामावर ठेकेदाराने सिमेंट घातले आणि जुन्या वाड्यांची पद्धत म्हणून वर गुळाचे दाट पाणीही ओतले. आठवडा उलटला तरी त्या विटा नखाने उकरत होत्या, तेव्हा त्याने पुढच्या गाऱ्यात गूळ आणखी वाढवला. वळवाच्या पहिल्याच सरीत सगळ्या थप्पीचा चिखल झाला. गूळ वापरायचा असेल तर विझवून मुरवलेला चुनाच घ्यावा; सिमेंट आणि गूळ दोन्ही घातले की मजबुती दुप्पट होते, या समजाइतके नुकसान दुसऱ्या कशानेही होत नाही.

दुसरी चूक निव्वळ घाईची. हिरडा रात्री भिजवून सकाळी माती कालवणे मला मान्य नाही. मी तो ठेचून निदान आठवडाभर भिजू देतो आणि फडक्यातून गाळतो, कारण विटेत राहिलेला चोथा कुजून पोकळ्या पडतात. भिजवण्यासाठी लोखंडी पिंप घेऊ नये, हिरड्यातल्या टॅनिनमुळे (तुरट द्रव्यामुळे) पाणी काळे होते.

शेतातली काळी माती ओलीने फुगते आणि वाळताना तडकते. कोणत्याही झाडाचा रस तिचा हा स्वभाव पालटत नाही.

भिंतीला वरून जवसाचे तेलही लावायचे असेल, तर ते भिंत पूर्ण वाळल्यावरच, पातळ हातांनी द्यावे. तेलाची फडकी ढिगात टाकू नयेत, ती आपोआप पेट घेतात.

या पाण्याने ओल शिरण्याचा वेग फार तर कमी होतो, त्यामुळे दगडी जोते आणि पुढे आलेली वळचण यांत काटकसर करू नये. प्रत्येक गाऱ्यातली एक वीट सावलीत पूर्ण वाळवून मी ती साध्या विटेशेजारी पाण्यात बुडवून ठेवतो. दोन्ही सारख्याच वेगाने विरघळल्या, तर त्या गाऱ्याची एकही वीट भिंतीत लावू देत नाही.