चेहऱ्याचा आकार राहू द्या, आधी मिलिमीटर बघा

ऑनलाइन फ्रेम घेताना बहुतेकांचा वेळ जातो तो चेहरा गोल की चौकोनी हे ठरवण्यात. मापाच्या जागी 'मीडियम' दिसलं की ऑर्डर टाकून मोकळे. घोळ इथेच होतो. एका कंपनीचं मीडियम १३२ मिलिमीटर रुंद असतं, दुसरीचं १३८. सहा मिलिमीटरच्या फरकानं एक चष्मा कानशिलं दाबतो आणि दुसरा खाली वाकलं की हातात येतो. दिसण्याचा विचार जरूर करा, पण मापात बसणाऱ्या पाच-सात फ्रेम बाजूला काढल्यावर.

काडीच्या आतले आकडे

सध्याचा चष्मा नीट बसत असेल तर निम्मं काम झालेलं आहे. काडीच्या आतल्या बाजूला ५२□१८-१४० असे आकडे छापलेले असतात. पहिला आकडा एका काचेची रुंदी, दुसरा ब्रिज म्हणजे दोन काचांमधलं अंतर, तिसरा काडीची लांबी, कानामागच्या वळणासकट. सगळं मिलिमीटरमध्ये. आकडे पुसट झाले असतील तर मोबाइलचा टॉर्च तिरका धरून फोटो काढा, बरेचदा वाचता येतात. नाहीच दिसले तर कंपासपेटीतली पट्टी घ्या. काच जिथे आडवी सगळ्यात रुंद आहे तिथे मोजा, दोन काचा सगळ्यात जवळ येतात तिथे ब्रिज मोजा, आणि काडी बिजागरीपासून टोकापर्यंत, वळणावरून दोरा फिरवून.

काडीवर न छापलेली दोन मापंही टिपून ठेवा. एक, समोरून फ्रेमची एकूण रुंदी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. ५२-१८ लिहिलेल्या दोन फ्रेमची एकूण रुंदी सहज पाच मिलिमीटरनं वेगळी निघते, कारण काचेभोवतीची कड आणि बिजागरीचा कोपरा त्या आकड्यांत धरलेलाच नसतो. दोन, काचेची उभी उंची. वय चाळिशीच्या पुढे असेल तर ही उंची फार कामाची, कारण वाचायचा भाग त्या उंचीतच बसवायचा असतो.

नवी फ्रेम निवडताना एकूण रुंदीत दोन-तीन, काचेत दोन, ब्रिजमध्ये एक आणि काडीत पाच मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. एकूण रुंदी दिलेलीच नसेल तर विचारून घ्या. उत्तर येत नसेल तर ती फ्रेम सोडा, दुसऱ्या हजार आहेत.

जुना चष्मा त्रास देत असेल तर तो त्रासच नवं माप सांगतो. कानशिलावर वळ उठतात, काड्या बाहेरच्या बाजूला फाकतात: एकूण रुंदी चार मिलिमीटरनं वाढवा. काडी फक्त कानाच्या जरा आधी डोक्याला टेकायला हवी, कानशिलापासून टेकत असेल तर फ्रेम अरुंद. अरुंद फ्रेमसुद्धा घसरते बरं का. डोकं मागे रुंद होत जातं आणि फाकलेल्या काड्या चष्म्याला पुढे ढकलतात. म्हणून घसरतो म्हटलं की लगेच लहान माप मागवू नका. काडीचं वळण कानाच्या मागे मोकळं लोंबत असेल तर काडी लांब. वळण कानाच्या वरच येऊन टोचत असेल तर आखूड. काड्या साधारण १३५, १४०, १४५ आणि १५० अशाच मिळतात, त्यामुळे इथे फार डोकं लावायची गरज नाही.

सगळ्यात जास्त चुकतं ते नाकावर

चष्म्याचं जवळपास सगळं वजन नाकावर असतं, काड्या फक्त धरून ठेवतात. तरी ब्रिजचा आकडा कुणी बघत नाही.

प्लास्टिकच्या फ्रेममध्ये ब्रिज ठरलेला, तो वाकवता येत नाही. मोठा पडला तर चष्मा खाली उतरतो, हसलं की गालांवर टेकून वर उचलला जातो आणि पापण्यांचे केस काचेला लागतात. लहान पडला तर नाकाच्या वरच्या भागाला चिमटा बसतो, दोन लाल खुणा पडतात आणि काचा डोळ्यांपासून लांब राहतात. नंबर मोठा असेल तर हे लांब राहणंही जाणवतं. चार-पाचच्या पुढच्या नंबरला काच डोळ्यापासून दोन-तीन मिलिमीटर सरकली तरी दिसण्यात फरक पडतो.

आपलं नाक कोणत्या जातीचं ते आरशात एका मिनिटात कळतं. दोन डोळ्यांच्या मधे नाक जिथे सगळ्यात खोल आहे तिथे बोट ठेवा. बोट बाहुल्यांच्या रेषेच्या वर असेल तर साधी प्लास्टिकची फ्रेम चालेल. रेषेवर किंवा खाली असेल तर नाकाचा पूल बसका आहे. अशांनी वेगळे नोज पॅड असलेली धातूची फ्रेम घ्यावी, किंवा प्लास्टिकच्या फ्रेममध्ये 'लो ब्रिज' अथवा 'एशियन फिट' लिहिलेली शोधावी. तिचे नाकावर टेकणारे भाग जाड असतात. पॅडवाल्या फ्रेममध्ये ब्रिजचा आकडा एक-दोन मिलिमीटर चुकला तरी पॅड आत-बाहेर वाकवून जमवता येतं. ऑनलाइन पहिल्यांदाच घेत असाल तर याच कारणासाठी पॅडवाली फ्रेम बरी.

जुना चष्माच नसेल तर

एटीएम कार्ड किंवा प्लास्टिकचं आधार कार्ड घ्या, रुंदी ८५.६ मिलिमीटर. ते कपाळावर, भुवयांच्या लगेच वर आडवं धरा आणि दुसऱ्याला दोन मीटर लांब उभं करून, डोळ्यांच्या पातळीवरून, झूम करून फोटो काढायला सांगा. नजर कॅमेऱ्याच्या भिंगाकडे. कार्डावरचा नंबर झाका. मग फोटोत कानशिलाजवळची चेहऱ्याची रुंदी आणि कार्डाची रुंदी पट्टीनं मोजा. चेहरा भागिले कार्ड, गुणिले ८५.६. कानशिलं कार्डाच्या मागे असल्यामुळे उत्तर दोन-तीन मिलिमीटर कमी येतं, तेवढे मिळवा. ही झाली तुमच्या फ्रेमची एकूण रुंदी.

सेल्फीवर हे गणित करू नका. हाताच्या अंतरावरून नाक मोठं, कान आत गेलेले, आणि जवळ बघत असल्यामुळे बाहुल्याही एकमेकींकडे सरकलेल्या असतात. चेहऱ्यावर फ्रेम 'घालून दाखवणारी' ॲपं रंग नि घाट बघायला चांगली. जे ॲप कार्ड धरून माप घ्यायला सांगत नाही, त्यातली फ्रेम मापाची आहे असं धरू नका.

पीडी: कागदावर नसलेला आकडा

दोन बाहुल्यांमधल्या अंतराला पीडी म्हणतात. मोठ्या माणसांमध्ये तो बहुतेक ५४ ते ७४ मिलिमीटरच्या दरम्यान असतो. नंबरच्या कागदावर हा बरेचदा लिहिलेला नसतो, म्हणून डोळे तपासतानाच मागून घ्या, दोन्ही डोळ्यांचा वेगवेगळा. नाक नेमकं मध्यावर असतंच असं नाही. उजवा ३२, डावा ३०.५ असं सर्रास निघतं.

घरी मोजायचा तर वरचाच दोन मीटरवरचा फोटो वापरा. आपल्याकडच्या काळ्या डोळ्यांत बाहुली वेगळी दिसत नाही. तेव्हा बुबुळाची कड धरा: एका डोळ्याच्या बुबुळाची कानाकडची कड ते दुसऱ्याच्या बुबुळाची नाकाकडची कड. उत्तर तेच येतं. फक्त वाचायचा चष्मा असेल तर दूरच्या पीडीपेक्षा साधारण तीन मिलिमीटर कमी धरतात.

चुकलं तर काय होतं? काचेचा मध्य बाहुलीसमोर येत नाही आणि काच प्रिझमसारखी वागू लागते, म्हणजे उजेड एका बाजूला वळवते. किती वळवते तेही प्रिझममध्येच मोजतात. नंबर एकच्या आत असेल तर चार मिलिमीटरची चूक कळतही नाही. नंबर चार असेल तर तीच चूक १.६ प्रिझम होते, आणि मग डोकं दुखतं, डोळे ओढल्यासारखे वाटतात. लोक म्हणतात नंबर चुकला. नंबर बरोबर असतो.

मोठा नंबर, लहान काच

मायनस नंबरची काच मध्यावर पातळ आणि कडेला जाड. म्हणून बाहुली काचेच्या मध्याच्या जितकी जवळ, तितकी कड पातळ. हिशेब सोपा आहे: काचेची रुंदी अधिक ब्रिज, त्यातून पीडी वजा, उरलेल्याचे दोन भाग. ५०-१८ ची फ्रेम आणि पीडी ६२ असेल तर ६८ वजा ६२, म्हणजे प्रत्येक डोळ्याला तीन मिलिमीटर सरकवणं. ५६-१८ ची मोठी फॅशनवाली घेतली तर हेच सहा होतं. तीनपर्यंत उत्तम, चारच्या पुढे टाळा.

मायनस पाचला आकडेच बघा. काचेचा इंडेक्स जितका मोठा, तितकी ती त्याच नंबरला पातळ. १.५६ इंडेक्सच्या काचेची बाहेरची कड पहिल्या फ्रेममध्ये सुमारे पाच मिलिमीटर, दुसऱ्या फ्रेममध्ये पावणेसात. मोठ्या फ्रेममध्ये १.६७ ची महागडी पातळ काच टाकली तरी कड पावणेसहाच्या आसपास राहते. म्हणजे पैसे मोजूनही लहान फ्रेममधल्या साध्या काचेपेक्षा जाडच. आधी फ्रेम लहान करा, मग काचेवर खर्च करायचा की नाही ते ठरवा. घाट गोलसर आणि कड जाड प्लास्टिकची असेल तर उरलेली जाडीही लपते. रिमलेस म्हणजे कड नसलेल्या फ्रेममध्ये काचेलाच भोकं पाडतात, तिथे साधी काच भोकाजवळ तडकते. पॉलीकार्बोनेट (चिवट प्लास्टिकची काच) किंवा १.६७ घ्या.

आई-बाबांसाठी मागवताना

मुलगा पुण्याला किंवा सुरतेला, आई-बाबा चोपड्याला नाहीतर शहाद्याला, आणि चष्मा ऑनलाइन त्यांच्या पत्त्यावर. साधा जवळचा चष्मा असेल तर हे जमतं: नातवंडाला जुन्या काडीचा फोटो पाठवायला सांगा, नंबरचा कागद वर्षाच्या आतला घ्या, अधिक-उणेची चिन्हं दोनदा तपासा.

प्रोग्रेसिव्ह, म्हणजे रेघ न दिसता एकाच काचेत दूरचा आणि वाचायचा नंबर असलेला चष्मा असेल तर फक्त फ्रेम मागवा, काचा गावातल्या चष्म्याच्या दुकानात बसवा. बाहुलीपासून काचेच्या खालच्या कडेपर्यंतचं अंतर फ्रेम चेहऱ्यावर नीट बसवल्यावरच मोजता येतं. नेहमीच्या प्रोग्रेसिव्हला हे अंतर १८ मिलिमीटर लागतं, आखूड प्रकाराला १४. म्हणून काचेची उंची निदान ३० हवी. कमी पडली तर वाचायचा भाग कापला जातो आणि बाबा मान मागे टाकून पेपर वाचू लागतात. बायफोकलची (दूरचा आणि जवळचा असे दोन भाग असलेल्या काचेची) रेघ खालच्या पापणीच्या काठाशी यायला हवी, तीही दुकानातच आखून घ्या. दुकानदार बाहेरच्या फ्रेममध्ये काच बसवून देतो का, हे आधी विचारा. काही जण नाही म्हणतात.

आपलं ऊन आणि घाम

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो. दुकानात घट्ट वाटलेला चष्माही तेव्हा घामानं ओघळतो. इथे हलकी फ्रेम आणि सिलिकॉनचे पॅड कामी येतात. टीआर-९० प्लास्टिक हलकं, चिवट. पण गरम करून त्याला हवं तसं वळण देणं अवघड, त्यामुळे माप पहिल्यांदाच बरोबर हवं. ॲसिटेट हे दुसरं प्लास्टिक गरम करून छान वळतं, पण जडही असतं. स्वस्त धातूवर घामानं हिरवट थर चढतो आणि निकेलची ॲलर्जी असेल तर कानामागे खाज सुटते. अशांनी टायटॅनियम घ्यावं. बंद गाडीच्या डॅशबोर्डवर कोणताही चष्मा ठेवू नका. काच उष्णतेनं फुगते, वरचं कोटिंग तेवढं ताणत नाही आणि त्याला बारीक तडे जातात.

रोज हेल्मेट घालणाऱ्यांना पातळ, सरळ काडी हवी. रुंद काडी हेल्मेटच्या गादीखाली दबते आणि तासाभरात कानाच्या वर ठणका लागतो. नंदुरबारच्या मिरचीच्या पथाऱ्यांवर किंवा कापसाच्या जिनिंगमध्ये काम असेल तर बारीक पॅडच्या खोबणीत धूळ बसते. तिथे ब्रिज जुळत असेल तर एकसंध प्लास्टिकची फ्रेम धुवायला सोपी.

लहान मुलांना वाढत्या अंगाचा शर्ट चालतो, चष्मा नाही. सैल फ्रेम नाकावर उतरते आणि मूल काचेच्या वरून बघायला लागतं.

पार्सल आल्यावर

स्टिकर आणि डेमो काचा (नुसत्या फ्रेमसोबत येणाऱ्या बिननंबरच्या काचा) काढायच्या आधी तपासा. काढल्या की परत घ्यायला नकार मिळू शकतो. काड्या उघडून चष्मा सपाट टेबलावर उलटा ठेवा, डगमगतो का बघा. मग घाला. खाली वाका, मान हलवा, मोठ्यानं हसा. बाहुली काचेच्या मध्यावर किंवा किंचित वर हवी. दोन्ही पॅड पूर्ण टेकलेले हवेत, नुसती कड नको. अर्धा तास घालून नाक आणि कानामागे खुणा बघा.

एक बाजू वर दिसत असेल तर फ्रेम परत पाठवू नका, ती दोन मिनिटांची दुरुस्ती आहे: वर दिसणाऱ्या बाजूची काडी बिजागरीपाशी किंचित वर वाकवायची. एक काच चेहऱ्याच्या जास्त जवळ असेल तर त्या बाजूची काडी आत घ्यायची. घरी जोर लावण्यापेक्षा चष्मेवाल्याकडून करून घ्या. एकूण रुंदी किंवा प्लास्टिकचा ब्रिज चुकला असेल तर मात्र दुरुस्ती नाही, बदलूनच घ्या. आणि तुमच्या पिनकोडवरून माल परत न्यायला माणूस येतो का, हे ऑर्डर टाकायच्या आधीच बघा. नंबरच्या काचा बसवून मागवलेला चष्मा बऱ्याच कंपन्या परत घेत नाहीत, म्हणून पहिली ऑर्डर नुसत्या फ्रेमची ठेवा.