आरसी (रेडिओ कंट्रोल) विमान उडवण्याआधी ट्रान्समीटरच्या सेटिंगमधले दोष कसे शोधाल?

नवीन विमान पहिल्याच उड्डाणात आपटलं की खापर बहुतेकदा वाऱ्यावर फुटतं. प्रत्यक्षात एलरॉन (पंखांच्या मागच्या कडेचे हलणारे भाग) उलटे फिरत असतात, नाहीतर ट्रान्समीटरवर (हातातल्या रिमोटवर) दुसऱ्याच विमानाचं मॉडेल, म्हणजे साठवलेलं सेटिंग, निवडलेलं असतं. हे दोन्ही दोष टेबलावरच सापडतात. खालचा क्रम चार चॅनलच्या (चार वेगवेगळ्या सिग्नलच्या) साध्या फोम ट्रेनरसाठी, म्हणजे शिकाऊ विमानासाठी आहे. मेनूंची नावं नवशिक्यांच्या हातात सर्रास दिसणाऱ्या फ्लायस्काय एफएस-आय६ ची दिली आहेत. तुमचा सेट वेगळा असला तर मेनू वेगळे असतील, क्रम मात्र हाच ठेवा.

हात लावण्याआधी प्रॉपेलर काढा. नुसता सैल करून भागणार नाही. रिव्हर्सच्या (दिशा उलटवण्याच्या) मेनूत चुकून थ्रॉटलचा (मोटरच्या वेगाचा) चॅनल उलटा झाला, तर मोटर एका झटक्यात पूर्ण वेग घेते.

१. चालू होतानाच अडतंय?

सगळे स्विच वर आणि थ्रॉटल पूर्ण खाली नसेल, तर एफएस-आय६ स्क्रीनवर इशारा देऊन तिथेच थांबतो. सेट बिघडला समजून तो दुकानात परत नेणारेही असतात! ट्रान्समीटर नेहमी आधी चालू करायचा आणि विमानाची बॅटरी मागाहून जोडायची. बंद करताना याच्या उलट.

मग सिस्टिम मेनूत निवडलेलं मॉडेल बघा. या सेटमध्ये २० मॉडेलं साठवता येतात, त्यामुळे घोटाळ्याला वाव भरपूर. प्रत्येकाला नाव द्या आणि मॉडेलचा प्रकार विमान किंवा ग्लायडर आहे ना, तेही बघा. तिथे हेलिकॉप्टर निवडलेलं असेल तर नको ती मिक्सिंग (एका चॅनलने दुसराही हलवणारी सेटिंग) मध्ये येतात.

२. काहीच हलत नाही

फंक्शन्स मेनूतल्या डिस्प्लेमध्ये जा. तिथे प्रत्येक चॅनलची पट्टी दिसते. स्टिक हलवल्यावर पट्टी सरकते पण सर्व्हो (एलरॉनसारखे भाग हलवणारी छोटी मोटर) ढिम्म, असं असेल तर दोष बहुधा ट्रान्समीटरच्या बाहेर आहे. तोच सर्व्हो रिसिव्हरच्या (विमानातल्या सिग्नल घेणाऱ्या भागाच्या) दुसऱ्या चॅनलवर लावून बघा. तिथेही हलला नाही तर सर्व्हो किंवा त्याची वायर गेली. तिथे हलला तर पहिल्या चॅनलकडे बघा. प्लग उलटा बसलाय का, हेही तपासा. काळी किंवा तपकिरी वायर ऋण बाजूची असते.

एकही सर्व्हो हलत नसेल आणि रिसिव्हरचा दिवा लुकलुकत असेल, तर बाइंडिंग (ट्रान्समीटर आणि रिसिव्हरची जोडणी) तुटलं आहे. बाइंड प्लग लावून रिसिव्हरला वीज द्या, मग बाइंडचं बटण दाबून धरत ट्रान्समीटर चालू करा. एफएस-आयए६बी रिसिव्हरसाठी आरएक्स सेटअपमध्ये (रिसिव्हरच्या सेटिंगमध्ये) एएफएचडीएस २ए ही सिग्नलची पद्धत चालू असावं लागतं.

३. दिशा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. विमानाच्या मागे, त्याच्या नाकाच्या दिशेने तोंड करून उभे राहा. समोरून बघितलं की डावं-उजवं उलटं दिसतं आणि बरोबर असलेलं सेटिंग माणूस स्वतःच्या हाताने बिघडवतो. लक्ष नेहमी हलणाऱ्या पृष्ठभागाच्या (एलरॉन, एलिव्हेटर, रडर) मागच्या कडेवर ठेवा.

एलरॉनची स्टिक उजवीकडे नेली की उजवा एलरॉन वर आणि डावा खाली गेला पाहिजे. अंगठा स्टिकवर उभा धरा. तो ज्या बाजूला झुकेल त्या बाजूचा एलरॉन वर, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. एलिव्हेटरची (शेपटीच्या आडव्या हलत्या भागाची) स्टिक स्वतःकडे ओढली की एलिव्हेटर वर उचलला जातो. रडर (शेपटीचा उभा हलता भाग) उजवीकडे दिला की रडर उजवीकडे, आणि वळणारं चाक असेल तर तेही उजवीकडे.

काही उलटं असेल तर रिव्हर्समध्ये तो चॅनल बदला: १ एलरॉन, २ एलिव्हेटर, ३ थ्रॉटल, ४ रडर. मग कॅन्सलचं बटण दाबून धरा, कारण सेटिंग त्यानेच साठतं. नुसतं टिचकीसारखं दाबलं तर केलेला बदल जातो, आणि ‘मी तर बदललं होतं’ म्हणायची वेळ येते.

दोन्ही एलरॉन एकदमच वर जात असतील तर रिव्हर्सचा उपयोग नाही. वाय-केबलवर (एका चॅनलला दोन सर्व्हो जोडणाऱ्या वायरवर) दोन्ही सर्व्होंना एकच सिग्नल मिळतो. एक सर्व्हो आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा बसवा, किंवा दुसरा सर्व्हो सहाव्या चॅनलवर घेऊन पहिल्या चॅनलशी मिक्स करा.

४. मध्य आणि टोकं

सगळे ट्रिम (स्टिकचा मध्य किंचित सरकवणारी बटणं) शून्यावर आणा. सर्व्होचा हॉर्न (फिरणारी दांडी) काढून पुशरॉडशी (पृष्ठभाग ढकलणाऱ्या तारेशी) काटकोनात बसवा, मग क्लेव्हिस (पुशरॉडच्या टोकाची पकड) फिरवून पृष्ठभाग सरळ करा. उरलेला केसभर फरक तेवढा सब-ट्रिमने (मेनूतून मध्य सरकवणाऱ्या सेटिंगने) काढायचा. सगळा वाकडेपणा सब-ट्रिमवर टाकला तर एका बाजूला हालचाल कमी पडते.

स्टिक टोकाला नेल्यावर सर्व्हो गुणगुणत राहिला तर तो कुठेतरी अडतो आहे. जास्त करंट ओढून तो जळू शकतो. त्या बाजूचा एंड पॉइंट (हालचालीची मर्यादा) १०० वरून गुणगुण थांबेपर्यंत कमी करा.

पृष्ठभाग अचानक कमी फिरू लागला तर आधी ड्युअल रेटचा (हालचाल कमी-जास्त करणारा) स्विच बघा. एक्स्पोचं (मध्याजवळ स्टिक मऊ किंवा तीव्र करणाऱ्या सेटिंगचं) चिन्ह कंपनीगणिक बदलतं, म्हणून अधिक-उण्याच्या भानगडीत न पडता आलेख बघा. मध्यभागी रेषा आडवी पडत असेल तर स्टिक मध्याजवळ मऊ झाली.

५. मोटर आणि फेलसेफ

ईएससी (मोटरचा वेग नियंत्रित करणारा भाग) नुसता बीप करतोय आणि मोटर फिरत नाही, तर थ्रॉटलचा ट्रिम खाली आहे का बघा. नसेल सुटत तर ईएससीचं कॅलिब्रेशन करा: थ्रॉटल पूर्ण वर, विमानाची बॅटरी जोडा, बीप ऐकू आले की थ्रॉटल पूर्ण खाली. बीपचा क्रम ईएससीच्या माहितीपत्रकात मिळेल.

शेवटी आरएक्स सेटअपमधला फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर काय करायचं त्याचं सेटिंग. हा आपोआप लागलेला असेल असं गृहीत धरू नका. थ्रॉटलची स्टिक पूर्ण खाली ठेवून तिसऱ्या चॅनलचा फेलसेफ चालू करा आणि साठवा. मग विमान कोणाला तरी घट्ट धरायला सांगून थ्रॉटल थोडा वर न्या आणि ट्रान्समीटर बंद करा. मोटर क्षणभरात थांबली पाहिजे. फिरतच राहिली तर फेलसेफ साठलेला नाही. विमानाची बॅटरी काढा आणि पुन्हा सेट करून तीच चाचणी घ्या.