श्रद्धेची चिकित्सा करताना या चुका टाळा

सर्वांत जास्त वेळा होणारी चूक म्हणजे दाव्याऐवजी माणसावर घसरणे. 21 सप्टेंबर 1995 रोजी गणपती दूध पितो ही बातमी देशभर पसरली. चमच्यातले दूध सोंडेला टेकताच पृष्ठताणामुळे ओढले जाते आणि पातळ थराने खाली ओघळते, हे दुधात रंग मिसळून कोणालाही दाखवता येत होते. पण रांगेतल्या लोकांना ज्यांनी ‘अडाणी’ म्हटले, त्यांनी वादाचा विषयच बदलला. त्यानंतर लोक मूर्तीबद्दल बोलेनात, स्वतःची अब्रू सांभाळू लागले.

दुसरी चूक अधिक खोल आहे, ती म्हणजे श्रद्धेमागची भीती न ओळखणे. केसांचा गुंता वाढून जट झाली की ती देवीची मानली जाते आणि कापल्यास घरात काही अघटित घडेल अशी धास्ती असते. मानेवर भार येतो, उवा होतात, रात्री कूस बदलणेही अवघड जाते, तरी बाई कात्री लावू देत नाही. तिला देव नसल्याचे पुरावे देण्यात अर्थ नाही, कारण उद्या मूल आजारी पडले तर बोल कोणाला लागेल, हा तिचा खरा प्रश्न असतो. म्हणून अंधश्रद्धा निर्मूलनाचे अनुभवी कार्यकर्ते आधी सासू आणि नवऱ्याशी बोलतात, आणि कोप व्हायचाच असेल तर तो कापणाऱ्यावर होऊ दे, असे सांगून तो भार स्वतःकडे घेतात.

एका प्रथेवर बोलता बोलता अख्खा धर्म निकालात काढणेही टाळावे. महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने अनुसूचीत ठरावीक अघोरी कृत्ये नोंदवली आणि वारी, कीर्तन, प्रदक्षिणा यांना स्पष्टपणे वगळले. आपल्या टीकेलाही अशी मर्यादा असावी.

गाडगेबाबांची जीभ उसनी घेणाऱ्यांनी तर विशेष जपावे. नवस आणि पशुबळी यांवर ते कीर्तनात जे कठोर बोलत, ते लोक ऐकून घेत, कारण त्याच गावाचे रस्ते त्यांनी आधी झाडलेले असत आणि देवकीनंदन गोपालाचा गजर तेच करीत. (झाडू राहतो बाजूला, फटकारे तेवढे उचलले जातात.) परधर्माबद्दल बोलताना तर तेवढीही जवळीक नसते, तिथे स्वधर्मातल्या तशाच प्रथेला जो निकष लावतो तोच लावावा.

भारतीय न्याय संहितेचे कलम 299 धार्मिक भावना दुखावण्यासाठी बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूने केलेल्या धर्माच्या किंवा श्रद्धेच्या अपमानाला शिक्षा सांगते. मात्र गुन्हा होत नाही म्हणून बोलणे सभ्य ठरते, असे नाही.

बोलणे बिघडलेच, तर मुद्दा सोडण्याची गरज नसते. लागलेला शब्द तेवढा मागे घ्यावा आणि समोरच्याची बाजू त्याला मान्य होईल अशा शब्दांत आधी आपणच मांडून दाखवावी. घरात आजारपण किंवा सुतक असेल, तर त्या दिवशी विषय काढूच नये.