सुई शेअर होतेय? रक्तातून पसरणाऱ्या आजारांपासून मित्राला कसं वाचवायचं

ग्रुपमधला कोणी इंजेक्शनने नशा करतोय हे कळलं की आपलं लेक्चर सुरू होतं, ते जरा बाजूला ठेवा, नाहीतर तो बोलायचाच बंद होईल. सोडेल तेव्हा सोडेल, तोवर एचआयव्ही आणि हिपॅटायटिस लागू नये एवढं बघा.

बहुतेक जण शपथेवर सांगतात की सिरिंज माझी स्वतःचीच असते, आणि ते खरंही असतं, पण पावडर विरघळवायचा चमचा एकच, पाणी एकाच ग्लासातलं, कापसाचा बोळा तोच, आणि त्या ग्लासात आधी कोणीतरी वापरलेली सिरिंज खळबळून घेतलेली असते. डोळ्याला दिसणार नाही एवढं रक्त पुरतं. यात हिपॅटायटिस सी एचआयव्हीपेक्षा सहज पसरतो, सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात तो कित्येक आठवडेसुद्धा टिकू शकतो, पाण्याने धुऊन जात नाही. म्हणून दर वेळी नवी सिरिंज आणि चमचा-पाणी-कापूसही ज्याचं त्याचं.

नव्या सुया नॅकोच्या (सरकारची एड्स नियंत्रण संघटना) टीआय प्रकल्पात, म्हणजे जास्त धोका असलेल्यांसाठी चालवलेल्या केंद्रात, फुकट मिळतात, वापरलेल्या परतही घेतात. ब्राऊन शुगरवाल्यांसाठी ओएसटी आहे, म्हणजे नशेच्या जागी औषध देण्याचा उपचार, बुप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवायची, मग टोचायची तलफ बरीच कमी होते. 'एक नशा सोडून दुसरी' म्हणणारे नातेवाईक भेटतीलच, त्यांचं ऐकू नका.

टेस्टचं सांगायचं तर सरकारी हॉस्पिटलातल्या आयसीटीसीत (समुपदेशन आणि तपासणी केंद्र) एचआयव्हीची टेस्ट फुकट होते, रिझल्ट गुप्त ठेवणं २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने बंधनकारक आहे. निगेटिव्ह आली तरी शेवटचं शेअर केल्यापासून तीन महिन्यांनी परत करा. हिपॅटायटिस सीची अँटिबॉडी पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच घाबरायचं नाही, व्हायरल लोड (रक्तात विषाणू आहे का, किती आहे याची टेस्ट) केल्यावरच आजार आत्ता आहे की नाही ते कळतं. असेल तर बहुतेकांना १२ आठवडे गोळ्या, सरकारी कार्यक्रमात फुकट, आणि जवळपास सगळे बरे होतात (परत शेअर केलं तर परत होतो, हेही सांगा). रक्तातून पसरणाऱ्या या आजारांपैकी लस फक्त हिपॅटायटिस बी ची आहे, तीन डोस, ती घेऊनच टाका.

आणि कालच शेअर झाली असेल तर ७२ तासांच्या आत कॅज्युअल्टीत किंवा एआरटी सेंटरला (एचआयव्हीची औषधं देणारं केंद्र) जाऊन पीईपीबद्दल, म्हणजे संपर्कानंतर एचआयव्ही लागू नये म्हणून घ्यायच्या औषधांबद्दल, विचारा, २८ दिवसांच्या गोळ्या असतात, जितकं लवकर तितकं बरं. कुठे जायचं कळत नसेल तर १०९७ ला फोन करा, फुकट आहे. डॉक्टरला 'चुकून सुई टोचली' असं गुळमुळीत सांगू नका, किती वाजता, कोणाबरोबर, त्याला एचआयव्ही आहे की नाही हे माहीत असेल तर तेही सांगा, त्यावरूनच गोळ्या द्यायच्या की नाही ते ठरतं.